चौथा कोपरा

प्रिय मारित,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, घराचं छपरही शाबूत आहे. तुला मी शेवटचं पत्र लिहिलं ते तू कॉलेजात असताना, आणि तेही गाडीच्या विम्याच्या कागदांना जोडलेल्या दोन ओळी. आता एक गोष्ट विचारायची आहे आणि फोनवर ती माझ्याच्याने विचारवणार नाही. फोनवर माझं बोलणं तुला माहीत आहे. इथलं हवामान, तुझ्या गाडीचं ऑइल, आणि मग 'थांब हं, आईला देतो.'

इथे पहिला बर्फ पडून गेला. हरणांच्या शिकारीचा मोसम आहे, त्यामुळे दुकानात सगळे नारिंगी कोट घालून फिरताहेत. माझी लोकरीची टोपी सापडेना म्हणून मी बोळातलं कपाट उपसलं. या घरात कुठली वस्तू कुठे असते हे माहीत असण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. टोपी मिळाली नाही. वरच्या फळीवर, जाड पांघरुणांच्या मागे, एका उशीच्या अभ्र्यात घडी करून ठेवलेलं तुझ्या आईचं अर्धवट ब्लँकेट मात्र मिळालं. फ्लीसच्या मऊ उबदार कापडाचे दोन तुकडे, एक पिवळा, एक पांढऱ्या मेंढ्यांच्या चित्रांचा, एकावर एक टाचणीने जोडलेले. कडेने पट्ट्या कापलेल्या होत्या आणि दोन बाजूंच्या गाठी मारून झाल्या होत्या. लहानसंच आहे. माझ्या गुडघ्यांवरही पुरत नाही.

ते घेऊन मी गुरुवारी चर्चच्या तळघरात, ब्लँकेटं बांधणाऱ्या बायकांकडे गेलो. आई गेल्यापासून तिची तिथली मैत्रीण व्हर्ना दर आठवड्याला म्हणत होती, 'ऑर्लिन, एकट्याने सूप गरम करून पिण्यापेक्षा इथे येऊन बस. कॉफी तरी ताजी मिळेल.' मी टाळत होतो. सगळ्या बायका, आणि मी एकटा. पण गाठी मारायला शिकवणार कोण? व्हर्नाने ब्लँकेट टेबलावर पसरलं, हाताने सपाट केलं आणि हसायलाच लागली. 'हे आर्डिसचंच. चौथा कोपरा बघ.' या कामात पट्ट्या कापण्याआधी चारही कोपऱ्यांतून एकेक चौकोन काढून टाकायचा असतो, नाहीतर तिथे कापड दुमडून गोळा होतं. आई तीन कोपरे कापायची आणि चौथ्यापर्यंत पोचेतो कुणाशी तरी बोलण्यात रंगायची. म्हणे तिच्या प्रत्येक ब्लँकेटचा चौथा कोपरा व्हर्नाच कापत आली. या वेळी तिने कात्री माझ्या हातात दिली.

तुला आठवतं, आईला शिवण कधीच जमलं नाही. 'सुई मी हातात घेते आणि रक्तही माझंच निघतं,' म्हणायची. म्हणून तिला हे फ्लीस आवडायचं. कापलं तरी धागे सुटत नाहीत, सुई लागत नाही, वरची पट्टी आणि खालची पट्टी घेऊन नुसती गाठ मारायची. मला वाटलं, यात काय आहे. डेअरीच्या प्रयोगशाळेत मी जन्मभर दुधाचे नमुने तपासले, हात कधी थरथरला नाही. मी तिसरी बाजू नीट, एकसारखी, घट्ट बांधून काढली आणि उचलून दाखवली. ती बाजू आकसून वाटीसारखी वर वळली होती. 'अरे, वासराचं दावं बांधतोयस का?' व्हर्ना म्हणाली. 'बाळाच्या अंगावर जायचंय ते.' पलीकडून कुणीतरी म्हणालं, 'आर्डिसने एवढं सगळं शिकवलं नवऱ्याला, गाठ तेवढी राहिली.' मग केकचा डबा उगाच टेबलभर फिरला. मी म्हटलं, तिने भांडी घासायला शिकवलंय, ती कुठे आहेत दाखवा. तेव्हा कुठे पुन्हा बोलणं सुरू झालं.

माझी बाजू मी सगळी सोडली आणि पुन्हा सैल बांधली. आईच्या गाठींना हात लावला नाही. बोटाने चाचपलं तरी कळतं तिची गाठ कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते. चौथी बाजू मी घरी आणून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या खुर्चीत बसून पुरी केली. माझ्या खुर्चीत उजेड कमी येतो.

आता प्रश्न असा आहे. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी सगळी ब्लँकेटं चर्चमधल्या बाकांच्या पाठींवर पसरतात, हे तुला माहीत आहे. लहानपणी तू त्यांच्यावर गाल घासत बसायचीस. ज्याने जे केलं असेल त्याने उभं राहून ते कुणाच्या नावाने आहे हे सांगायचं, आणि मग ती जिल्ह्याच्या इस्पितळात नवजात बाळांकडे जातात. व्हर्नाने मला विचारलं, 'कुणाचं नाव घेणार? आर्डिसचं ना?' मी म्हटलं, मारितला विचारून सांगतो. तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

ते कापड आईने फेब्रुवारीत आणलं होतं. मी म्हटलं होतं, तुमच्या टूसॉनच्या वाळवंटात फ्लीस कोण पांघरतं? ती म्हणाली, 'वाळवंटात रात्री गारठा असतो, तुला काय कळतंय.' रोज संध्याकाळी टीव्हीसमोर थोड्या थोड्या गाठी मारायची. मार्चमध्ये बाळ गेल्याचं सांगायला तुझ्या कर्टचा फोन आला त्या दिवशी दोन बाजू झाल्या होत्या. तो फोन मीच उचलला होता, आणि मीच आईला दिला. नंतर ते ब्लँकेट मला कधी दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही. ती तुझ्याकडे विमानाने आली, मी घर सांभाळायला राहिलो. परतल्यावर तिने मला सांगितलं की तुम्ही मुलीचं नाव माझ्या आईचं ठेवलं होतं. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवरचा बर्फ काढला. पायऱ्यांवर बर्फ फारसा नव्हता.

तर मारित, रविवारी उभं राहून मी तुझ्या सिग्नेचं नाव घेऊ का? आईचं नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे, तिला माझी गरज नाही. पण सिग्नेचं नाव या गावात अजून कुणीच घेतलेलं नाही, मीसुद्धा नाही. काल गॅरेजमध्ये गाडीत बसून मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज निघाला. ब्लँकेट दुसऱ्या बाळाकडे जाऊ नये असं तुला वाटत असेल तर ते जाणार नाही. मग ते पोस्टात टाकण्याऐवजी मी स्वतः घेऊन येईन. काय ते मला फोन करून सांग. मीच उचलेन, आणि या वेळी कुणाकडे देणार नाही.

तुझाच,
बाबा