मधल्या तीन झाडांची माशी

लेस्वोस, वरचं गाव
१४ सप्टेंबर १९९१

प्रिय एव्हांथिया,

तू बरी असशील असं धरून लिहिते. माझे गुडघे कुरकुरतात, पण रोज उतार उतरून बागेत जाऊन येते. इग्नातिसला जाऊन दोन हिवाळे झाले. धुवायला एकच कप असतो, त्याची अजून सवय होत नाही. असो.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. काम आहे म्हणूनच लिहिते. आमच्या ऑलिव्हवर फळमाशी पडली आहे.

गावात म्हणतात, माशी आली, औषध मारा, झालं. मला मात्र ती येते कुठून ते बघायचं होतं. वाचनालयातून एक पुस्तक आणलं. अर्धं कळलं, उरलेलं फळांनाच विचारलं. माशी टोचते तिथे सुईच्या टोकाएवढा तपकिरी डाग राहतो, मिटलेल्या पापणीसारखा. अशी फळं काचेच्या बरणीत घालून वर पडद्याचं कापड बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवली. एक फळ कापलं, तर आत पांढुरकी अळी, गर खात बोगदा करत निघालेली. बाकीची फळं तशीच राहू दिली. मग एका सकाळी एकावर गोल खिडकी दिसली, वर फक्त पातळ साल. दुपारी ती फुटली आणि माशी बाहेर आली. पंख ओले, चुरगळलेले. वाळले तेव्हा प्रत्येकाच्या टोकाला एक काळा ठिपका. इतकी देखणी असेल असं वाटलं नव्हतं. शेजारची दुकेना म्हणाली, "नवरा गेल्यावर बाया मांजर आणतात, तू माश्या पाळ." मी म्हटलं, मांजराला खायला घालावं लागतं.

मग पाण्याच्या बाटल्यांना वरच्या अंगाला भोकं पाडली, आत पाणी आणि खारवलेल्या मासळीची डोकी घातली आणि झाडाझाडाला टांगल्या. त्या वासाला माशी आत शिरते आणि बुडते. बांधाकडच्या बाटल्यांत माश्या तुरळक होत्या. मधल्या तीन झाडांवरच्या बाटल्या मात्र काळ्या झाल्या होत्या.

मधली तीन म्हणजे तुझी. जमीन आमची, पण ती झाडं सासूबाईंनी तुला लग्नात दिली. खोडावर तुझ्या नावाचं पहिलं अक्षर अजून आहे. दुसऱ्याच्या झाडाला न विचारता हात लावला की इथे त्याला चोरी म्हणतात, झाड आपल्या दाराशी असलं तरी. म्हणून मी कधी लावला नाही. गेले दोन हिवाळे तुझी फळं कुणी तोडली नाहीत, वसंतातही ती लटकत होती. पुस्तक म्हणतं, वर्षातली पहिली माशी अशाच राहिलेल्या फळांत वाढते. कडक उन्हात ती दबून असते. आता हवा निवते आहे, पाऊस झाला की पुन्हा उठेल. तुझ्या झाडांची फळं आत्ताच उतरवली नाहीत, तर माझं यंदाचं तेल गेलंच म्हणून समज.

इथपर्यंत मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, आणि जरा रागातच. मग प्रश्न पडला, पूर्वी इतकी माशी का नव्हती? सासूबाईंना पोचवून आलो त्या दिवसापासून तुझं माझं बोलणं नाही. मग इतकी वर्षं तुझ्या झाडांची फळं तोडत कोण होतं? इग्नातिसला एकदा विचारलं होतं. "येते ती. तू नसलीस की येऊन तोडून जाते," म्हणाला. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

माशीचे कोश मातीत असतात असं वाचून परवा तुझ्या थोरल्या झाडाच्या बुंध्याशी उकरत होते. त्याचं खोड पोकळ आहे. लहानपणी तू तिथे लपायचीस म्हणे. आत हात घातला, तर घडी केलेलं जाळं, फळं झोडायची काठी आणि इग्नातिसची राखाडी टोपी. टोपी हरवली म्हणून त्याला मी केवढं बोलले होते.

काल बसवाल्या प्रोकोपिसला गाठलं. तो म्हणाला, "इग्नातिस दर नाताळाला तेलाचा डबा द्यायचा माझ्याकडे. मितिलिनी शहरात बहिणीला दे, वहिनीने पाठवलाय म्हणून सांग, म्हणायचा. का हो, तुम्हीच पाठवत होतात ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

डबा कधी रिकामा परत आला नाही, असंही तो म्हणाला. आत बदामवडी असायची, संत्र्याच्या फुलांच्या पाण्यातली. एव्हांथिया, ती मी दर वर्षी खाल्ली. तो बाजारातून आणली म्हणायचा. एकदा तर मी म्हटलं, करणारीला विचारून ये, इतकी मऊ कशी होते. "विचारतो," म्हणाला.

म्हणजे दोन नाताळ तुला तेल आलं नाही. भाऊ गेला आणि वहिनीने लगेच हात आखडला, असंच तुला वाटलं असणार. इग्नातिसला पोचवताना चर्चमध्ये तू माझा हात धरलास तेव्हा मला वाटलं, लोकांना दाखवायला धरते आहे. तू तर इतकी वर्षं तेल मीच पाठवते असं समजून पुढे आली होतीस.

तर आता असं आहे. तुझ्या झाडांखाली जाळी अंथरून ठेवली आहे. फळाला हात लावलेला नाही. प्रोकोपिसकडे नुसतं 'तोड' म्हणून सांगितलंस तरी पुरे. मी तोडेन, आणि किडलेली फळं झाडाखाली न टाकता दुकेनाच्या कोंबड्यांना घालेन. पण तू स्वतः आलीस, तर काठी आहे. टोपी मी धुतलेली नाही.

या पत्राबरोबर तेलाचा डबा देते आहे. मागच्या हिवाळ्याचं आहे, माशीमुळे जरा आंबूस, तळणीला वापर. प्रोकोपिसला म्हटलं, वहिनीने पाठवलाय म्हणून सांग. तो हसला. म्हणाला, दर वेळी तेच तर सांगतो.

आजवर तुला काहीच न पाठवलेली,
तुझी वहिनी
मिरसिनी