मुखपृष्ठासाठी काढलेली अव्वा

अप्पा, परवा इथे सोलापुरातच एका कार्यक्रमात मला विचारलं, लिहायला कुणाकडून शिकलात? मी नेहमीचंच सांगितलं, वडिलांकडून. शुक्रवार पेठेतलं तुमचं दुकान, भिंतीला टेकवलेल्या मराठी-कन्नड पाट्या. मी ‘किराणा’मधला ‘रा’ रंगवतेय आणि तुम्ही ओरडताय, “किती रंग लावतीस! मधली जागा मोकळी सोड की. माणूस ती जागा वाचतो.” वाक्यातून काय गाळायचं ते मला तिथे कळलं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढचं मी कधीच सांगत नाही. हा कागदही फाडणार आहे, म्हणून लिहिते.

फ्लेक्स आले आणि तुमचं दुकान बसलं. मग आई, आपली अव्वा गेली, तेव्हापासून तुम्ही ब्रशला हात लावला नव्हता. माझं पहिलं पुस्तक निघायचं ठरलं. त्यातली मोठी कथा अव्वाच्या आजारपणाची, म्हणून मीच म्हटलं, “अप्पा, मुखपृष्ठ तुम्ही काढा.” महिनाभर तुम्ही खिडकीपाशी बसलात, थरथरणारा उजवा हात डाव्या हाताने धरून. चुलीपुढे भाकरी थापणारी अव्वा, पाठमोरी. वर्तमानपत्रात गुंडाळून देताना म्हणालात, “तोंड काढायला जमलं न्हाय गं. ते तू कथेत काढलीस, तेवढं बास.”

पुण्याला प्रकाशकांना भेटून आल्यावर काही दिवसांनी मी सांगितलं, त्यांच्याकडे चित्र हरवलं. तुम्ही रागावला नाहीत. “असू दे की, दुसरं काढतो.” आठ दिवसांनी बघते तर तुम्ही टर्पेंटाइनच्या बोळ्याने सगळं पुसत होतात. “हात ऐकत न्हाय आता,” एवढंच बोललात. पुस्तक आलं, त्यावर कसलंसं धूसर छायाचित्र होतं. तुम्ही ते उलटून पालटून पाहिलंत, चांगलं हाय म्हणालात. त्याच उन्हाळ्यात गेलात.

प्रकाशकांनी ते चित्र पाहिलंच नव्हतं, अप्पा. जाताना एसटीत मी वरचं वर्तमानपत्र उलगडून चित्र पाहिलं. तो पिवळा पदर, ती लालभडक चूल. मला ती दुकानाची पाटीच वाटली. पुण्यातली माणसं हसतील, असं वाटलं. पुण्याच्या स्टँडवर उतरले आणि ते एका बाकावर ठेवून चालू लागले. संध्याकाळी सोलापूरच्या गाडीसाठी परत आले, तर चित्र तिथेच होतं. एक माणूस त्याच्यावर बसून केळं खात होता. ऊठ म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. गाडी लागली, मी चढले.