चुकीच्या बाजूची चिठ्ठी

सोमवार, ३ मार्च

पकडला! फॉन्टरावाला आज रंगेहाथ पकडला. मिक्सरच्या माहितीपत्रकात इंग्रजी सूचना होती – झाकण सैल असेल तर यंत्र चालू करू नका. पठ्ठ्याने 'लूज'मधला एक 'ओ' गिळला. सैल झाकण गेलं आणि हरवायचं झाकण आलं! लाल पेनाने असा गोल केला की कागद फाटायचाच बाकी राहिला. हा आमच्या छापखान्याचा डिझायनर. अक्षरांची शेकडो वळणं त्याला तोंडपाठ, म्हणून तर मी त्याला फॉन्टराव म्हणते. पण कुठलं अक्षर कुठे घालायचं म्हटलं की ठणठण गोपाळ. 'ताई, लोकांना कळतं की हो!' म्हणे. लोकांना कळतं! प्रूफ तपासायला बसल्यापासून हेच ऐकतेय.

मंगळवार, ४ मार्च

नवे साहेब टेबलाशी थांबले. 'मॅडम, हे काम कॉम्प्युटर नाही का करत?' मी म्हटलं, 'करतो ना. पण त्याला 'प्रिन्सिपल'ची दोन्ही स्पेलिंगं चालतात, मुख्याध्यापकाचं आणि तत्त्वाचं. परवा शाळेच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांच्या सहीखाली 'तत्त्व' छापून चाललं होतं, मी अडवलं.' साहेब हसले. पण जाताना शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत गेले. माझ्या जोडीदार बाई निवृत्त झाल्या, ती जागा भरलीच नाही. उद्या हेही टेबल उचललं तर? मला दुसरं काम येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं नकोच आहे.

गुरुवार, ६ मार्च

वर्धापनदिनाला वादविवाद! विषय – 'इंग्रजी स्पेलिंग अचूक हवंच का?' मी पहिलं नाव दिलं. साहेबांनी एकदा मला बोलताना ऐकलं की माझ्या टेबलाला कोण हात लावतोय! नाव द्यायला दुसरं कोणी धजेना, तर सगळ्यांनी फॉन्टरावालाच पुढे ढकललं.

मग बाजू ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. माझी उघडली – 'नको'.

फॉन्टरावाची – 'हवं'.

अख्खा विभाग पोट धरून हसला. मी बदलून मागितली, तर साहेब म्हणाले, 'छे छे, त्यातच तर मजा आहे!' मजा! मांजराला उंदरांचं वकीलपत्र घ्यायला लावायचं, आणि म्हणे मजा.

रविवार, ९ मार्च

घरी सांगितलं. हे मोटरींच्या दुकानाचा हिशोब बाजूला सारून हसायला लागले. 'अगं, मग मला विचार ना! त्या बाजूने मी आयुष्यभर लढतोय.' खरंच आहे. यांनी दुकानाच्या पाटीवर 'रिपेअर' तीन तऱ्हांनी रंगवून घेतलंय आणि गिऱ्हाईक तिन्ही बाजूंनी येतं.

सासूबाई मात्र गंभीर. 'जिंकायचंय ना तुला? मग मन घरी ठेवून जा. नाहीतर अर्ध्यात फितूर होशील.' इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या बाईने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

बुधवार, १२ मार्च

आरशासमोर म्हणून पाहिलं – 'चुकलं तरी काही बिघडत नाही.' जीभ रेटेना!

शुक्रवार, १४ मार्च

घबाड मिळालं!! उद्याच्या चहाची कुपनं वाटली. घाईघाईत थेट छापलेली, माझ्याकडे आलीच नव्हती. 'कॉम्प्लिमेंटरी'मध्ये मधे 'आय' हवा, तिथे 'ई'! म्हणजे फुकट चहाचा झाला पूरक चहा. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मग थांबले. कुपन गुपचूप पर्समध्ये टाकलं. कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही.

शनिवार, १५ मार्च

जिंकले! जिंकले! जिंकले!

सगळं नीट लिहून ठेवते. सभागृह भरलेलं, कर्मचाऱ्यांची घरची माणसंही होती. आधी फॉन्टराव उठला. बिचारा कागदातून डोकं वर काढीना. मुद्दे वाईट नव्हते हो – गोडाच्या खोक्यावर 'डेझर्ट'मधला एक 'एस' कमी पडला तर आत वाळवंट भरल्यासारखं होतं वगैरे – पण शेवटची ओळ तर गडबडीत पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही.

मग मी. कुपन वर धरलं. 'ज्यांनी ज्यांनी याच्यावर चहा घेतला त्यांनी हात वर करा.' सगळे हात वर! साहेबांचासुद्धा! 'याच्यावर चूक आहे. चहा फुकट नसून पूरक आहे असं छापलंय. कोणाला अडलं? कोणी विचारलं का, पूरक म्हणजे कशाला पूरक? चहावाल्याने एकाला तरी परत पाठवलं?' हशा असा उसळला की माझंच पुढचं वाक्य मला ऐकू येईना. मी फिरून फिरून विचारत होते, 'काय बिघडलं?' आणि पाठीमागून उत्तर येत होतं, 'काही नाही!' सगळी रांगच्या रांग ओरडत होती. अंगात नुसतं वारं भरलं होतं.

शेवट ठरवलेला निराळाच होता. पण हे तिसऱ्या रांगेत दिसले आणि तोंडून भलतंच निघालं. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी यांनी खालून निरोप पाठवला होता. त्या फोनवर मराठी उमटायचं नाही, म्हणून इंग्रजीत. 'खाली बसलोय, शांत राहा.' त्यात 'क्वायट'च्या जागी 'क्वाइट' लिहिलं होतं – 'शांत राहा' ऐवजी 'पुष्कळ राहा'! मी म्हटलं, 'मला चूक दिसली. धंदाच माझा तो. पण मी शांतच झाले. माणूस खाली बसलाय हे पोचलं होतं.' आणि टाळ्या! साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते! यांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातलाच नाही.

फॉन्टराव येऊन म्हणाला, 'ताई, तुम्ही तर माझंच सगळं बोललात.' मी म्हटलं, 'आणि तू माझं. पण वाईट बोललास!' दोघंही खूप हसलो.

रविवार, १६ मार्च

सासूबाई येईल त्याला सांगताहेत – 'आमच्या सूनबाईने स्वतःच्याच विरुद्ध बोलून बक्षीस आणलं.' अंगावर मूठभर मांस चढलंय. चढू दे! मिरवायची पाळी रोज थोडीच येते.

सोमवार, १७ मार्च

छापखान्यात जो तो 'काय बिघडलं?' असं ओरडून मला हाक मारतोय. साहेबांनी उद्या सकाळी केबिनमध्ये बोलावलंय. टेबल पक्कं! कदाचित रिकामी खुर्चीही भरतील. नवी साडी काढून ठेवलीय.

मंगळवार, १८ मार्च

प्रूफचं टेबल महिनाअखेर बंद. मी म्हटलं, 'साहेब, ते वादापुरतं होतं. चिठ्ठीच तशी आली होती.' साहेब अगदी मनापासून म्हणाले, 'पण मॅडम, मला पटलं ना!'

टेबलाशी येऊन बसलेय. फॉन्टरावाला कळलं तसा तो ताडकन उठला आणि न विचारता केबिनमध्ये घुसला. त्याचा आवाज इथवर येतोय. शनिवारी हरलेलं भाषण पहिल्या ओळीपासून सुरू केलंय, आणि हातात कागद नाही. जिंक रे बाबा! काहीही कर, पण आज जिंक!