सावळ्याचा गळपट्टा

३ जानेवारी १९५९, शनिवार

सावळ्या बैल बरा झाला त्याचा खरा खर्च असा — हिंग घरातलाच. ओवा घरातलाच. गोडं तेल वाटीभर. आणि घाबरून तोंडातून गेलेलं एक वाक्य. तेच महाग पडलं.

पोट ढोलासारखं फुगून आडवा झाला होता. गोठ्यातच हात जोडले — म्हसोबा, याला उठव. जत्रेला तुझ्या दारात आणीन, माझ्या हाताने विणलेला गळपट्टा घालून. बाजारातला म्हटलं असतं तरी देव नको म्हणाला नसता. पण वत्सला मागेच उभी होती. बायकोसमोर केलेला नवस फिरवता येत नाही.

सावळ्या उठला, पेंढा खाऊ लागला. देवाने आपली बाजू पुरी केली.

६ जानेवारी, मंगळवार

वाल्मिक माग घेऊन आला. बैलांचे पट्टे विणणारा आमच्या बाजूला हाच. माग कसला — चार काठ्या, उभे दोरे, आणि आडवा दोरा ठोकायला लाकडाची सुरी. दोऱ्यांचं एक टोक ओटीच्या खांबाला, दुसरं विणणाऱ्याच्या कमरेला. मागे रेललं की दोरे ताठ, पुढे वाकलं की सैल. बांधून घेतलं की उठणं नाही. दाव्याला बैल तसा मी.

संध्याकाळपर्यंत वीतभर झालं. वाल्मिकने उलटंपालटं करून पाहिलं. "शेठ, ह्यो बैलाला घालायचा का बैलाला चारायचा?"

भातगिरणीवर तोवर पोराला, कमळूला बसवलंय. वाल्मिकला सांगितलं, गिरणी माझ्या कानावर चालते. इंजिन खोकलं की कुठे दुखतंय ते मला कळतं. गोण्या वाहणाऱ्या बारक्याचा बारकूशेठ झाला तो या कानांमुळे. मी तिथून उठलो की गिरणी बंद पडलीच, लिहून घे. तो म्हणाला, "मला कुठं लिवता येतं?"

७ जानेवारी

कमळू जत्रा झाली की मुंबईला जाणार. कापडाच्या मिलमध्ये जागा बघून ठेवलीय दोस्ताने. ट्रंक भरलेली. "हितं बापाच्या गिरणीत गोणीच उचलायची, तर तिथं उचलीन. पगार तरी भेटंल," असं आईला म्हणाला. भिंतीआडून ऐकलं. एकुलता एक पोरगा. पण गल्ला काय असा कुणाच्याही हाती द्यायचा?

वत्सला वाढते, पण बोलते भाताशी.

९ जानेवारी, शुक्रवार

तोड सापडली! खांबाच्या जागी मी बसलो. दोरे माझ्या कमरेला, पलीकडे वाल्मिक विणतोय. हात त्याचे, कंबर माझी. काम झपाझप. डुलकीसुद्धा काढली.

दुपारी वत्सला आली. "देवाला हात बोललात का कंबर?"

म्हटलं, कंबर हातापेक्षा मोठी, देव फायद्यातच आहे.

तिने सगळं उसवलं. वाल्मिक भिंतीकडे तोंड करून हसत होता. पाठ हलत होती ना, कळतं.

१३ जानेवारी, मंगळवार

लिहायला लाज वाटते. वहीला नाय सांगणार तर कुणाला?

विणत होतो. भिंतीपलीकडे इंजिन धडधडत होतं. एकदम गप्प. म्हटलं बघा, पडली बंद! ओरडलो — कमळ्या, तेल बघ! उत्तर नाही. मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणाला येत नाही. तसाच उठलो आणि धावलो. कमरेचं सोडायचं ध्यानातच नाही. दोरे तुटले, काठ्या मागे खडखडत आल्या, लाल लोकर पायात. गिरणीच्या दारात तीस-चाळीस माणसं भात घेऊन बसलेली.

हौसा म्हातारी म्हणाली, "आगो बाय, बारकूशेठला शेपूट फुटलं."

कमळू इंजिनाशी, हातात तेलाचा डबा. "बाबा, बंद पडली नाय. तेल घालाया मीच केली." मग त्याने चाक फिरवलं. पहिल्या झटक्याला सुरू. मला तीन लागतात.

पोरं खांबापर्यंत काठ्या वाजवत पोचवायला आली.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घेताना सगळे माझ्या मागे वाकून बघतात.

१९ जानेवारी

तुटलेले दोरे गाठून पुन्हा चालू केलंय. आज सुरीचा ठोका आणि इंजिनाचा ठोका एका तालात पडले. बरं वाटलं. कोणाला सांगितलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

झाला. लाल, पिवळा, काळा. दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये नको तितका रुंद. वाल्मिक म्हणाला, "उंदीर गिळलेली धामण." मग हळूच म्हणाला, "पण ठोकलाय घट्ट." कमळूने गोंडे शिवले. ट्रंक अजून दाराशीच आहे.

२४ जानेवारी, शनिवार. म्हसा

काल पहाटे गल्ल्याची किल्ली नाइलाजाने कमळूकडे दिली, वत्सला आणि मी बैलगाडीने निघालो, मुरबाडला मुक्काम केला. आज सावळ्याने देवापुढे मान खाली घातली. मला लाजेने वाटली, वत्सला म्हणते भक्तीने. नवस फिटला.

घोंगड्यांच्या दुकानापाशी मुरबाडचा एक गिरणीवाला भेटला. म्हणाला, भर हंगामात कसे आलात? सवयीने बोलून गेलो — येतो कसला, माझ्यावाचून गिरणी पाऊल टाकत नाही. वत्सला घोंगडीचा पोत बघत राहिली. चांगला वेळ बघत राहिली.

२६ जानेवारी, सोमवार

घरी पोचलो तर इंजिन चालू. आवाज स्वच्छ. दोष काढायला बराच वेळ उभा राहिलो.

संध्याकाळी कमळू गल्ल्याची किल्ली घेऊन आला. "बाबा, उद्या निघतो."

म्हटलं, सावळ्याच्या जोडीदाराचं काय? एकाच्या गळ्यात पट्टा, दुसरा उघडा — लोक काय म्हणतील? मला पुन्हा मागावर बसणं आलं. किल्ली राहू दे तुझ्याकडं.

"तो पट्टा कदी व्हईल?"

म्हटलं, माझा हात बघितलायस ना. वर्षं लागतील.

वत्सलाने आज भात वाढताना माझ्याकडे पाहिलं.

२७ जानेवारी

मी बांधलेला होतो तितके दिवस गिरणी एकदाही बंद पडली नाही.