पोटमाळ्याखालची मकलूबा

दमास्कस, मैदान मोहल्ला
रविवार, १६ जून २०१३

लाडक्या रुला,

तुला, फवाझला आणि पोरींना पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. मुवफ्फकचा गुडघा दुखतो, पण तो कबूल करत नाही. वीज येते-जाते. तू लावलेल्या जाईला यंदा खूप फुलं आली. बाजारात कोवळी वांगी आलीत, म्हणून शुक्रवारी मकलूबा केली होती. मटण जरा जून निघालं.

बघ, सांगायचं ते सोडून बाकी सगळं लिहितेय. अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच.

रुला, नवार बैरूतला नाही. तो कधी गेलाच नव्हता. बेकरीतली नोकरी, मित्राची खोली, सगळं आम्ही रचलेलं. लष्कराचं बोलावणं आल्याचा कागद हातात पडला त्याच रात्री मुवफ्फकनं त्याला स्वयंपाकघरावरच्या पोटमाळ्यावर चढवलं. तेव्हापासून माझा लेक लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या गाद्यांच्या मधे राहतोय. तुलाही सांगितलं नाही. फोनवर कोण ऐकत असतं कुणास ठाऊक.

तो कधी काही मागत नसे. गेल्या आठवड्यात मात्र वरून हळूच म्हणाला, "आई, एकदा मकलूबा कर ना. वास तरी घेईन."

दोघांपुरती मकलूबा कुणी करतं का गं? मी पिशवीभर वांगी घेतली आणि नेमकी बुरहानची आई समोर आली. आमच्या वरच्या मजल्यावरची. तिचा नवरा नाक्यावर शिपायांबरोबर खुर्ची टाकून बसतो. गल्लीत कोण कुठल्या घरातलं, ते तोच त्यांना सांगतो.

"अगं नवारच्या आई, दोघांना एवढी वांगी? मुवफ्फकभाऊंचं पोट आहे की गोदाम?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासाठीच तर घेतलीत. शुक्रवारी दोघं जेवायलाच या."

घरी येऊन मुवफ्फकला सांगितलं. "लांडग्याला आमंत्रण देऊन आलीस?" म्हणाला. पण आता नाही कसं म्हणणार?

शुक्रवारी नमाज झाल्यावर दोघं आले. उकाडा म्हणून बुरहानची आई थेट स्वयंपाकघरातच येऊन बसली, तिच्या मागोमाग तोही. पोटमाळ्याच्या दाराखालीच! मटण तळाशी, वर तळलेली वांगी आणि फ्लॉवर, त्यावर तांदूळ. सगळं शिजत आलं होतं. वाफ सरळ वर चढत होती. मला एकच दिसत होतं, त्या बंद दारामागे माझं पोर तोंडावर उशी दाबून पडलंय.

मी पातेलं परातीत उलटं केलं आणि थर बसायची वाट पाहत उभी राहिले. आणि वर खोकला आला. दाबलेला, पण आला.

मी डाव उचलला आणि पातेल्याच्या बुडावर मारत सुटले. ठण, ठण, ठण. बुरहानची आई हसायला लागली. "पुरे गं! पातेलं फोडतेस की काय? लग्नाची वरात आहे का?"

तो हसला नाही. छताकडेही पाहिलं नाही त्यानं. पातेलं उचललं तर मकलूबा एका बाजूनं ढासळली. त्यानं दोनदा वाढून घेतलं, दही मागून घेतलं.

निघताना बायको जिन्यावर पुढे गेली, तेव्हा तो दारात थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, पोटमाळ्यावर उंदीर झालाय तुमच्या. मंगळवारी घरोघरी शोधायला येणारेत. त्याआधी बंदोबस्त करा."

मी आत येऊन मुवफ्फकला सांगितलं. मुवफ्फक म्हणाला, "हा सापळा आहे. पोरगा बाहेर पडला की नाक्यावर तोच पकडून देणार." मी म्हटलं, "पकडून द्यायचं असतं तर असा जेवून गेला नसता." "आधी जेवतात, मग पकडून देतात," तो म्हणाला. बोलता बोलता रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

शेवटी नवारच वरून म्हणाला, "बाबा, इथे राहिलो तर मंगळवारी आपण तिघंही जाऊ. मी निघतो."

आज पहाटे तो गेला. मेंढ्यांच्या ट्रकमधून, दक्षिणेला, पुढे सीमेपलीकडे तुझ्या इर्बिदकडे. मी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींआडून पाहत होते. नाक्यावर ट्रक थांबला. बुरहानचा बाप खुर्चीवरून उठला, मागे गेला, आत वाकून पाहिलं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मग त्यानं ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली आणि ओरडला, "जाऊ दे रे, नुसत्या मेंढ्या आहेत!"

तो नाका सुटला, रुला. पुढचे नाके किती आणि तिथे कोण बसलंय, मला माहीत नाही.

हे पत्र तुमच्याकडे यायला निघालेली राशिदची आई ओढणीच्या शिवणीत घालून आणतेय. वाचलंस की जाळ. त्या माणसाचं नाव कुणाकडे काढू नकोस, फवाझकडेही नाही.

नवार तुझ्या दारात आला तर पटकन ओळखू येणार नाही. दाढी वाढलीय, पाठीत वाकून चालतो, उजेडात डोळे मिटतो. त्याला जेवायला वाढ. चमचासुद्धा न वाजवता खायची सवय लागलीय त्याला. त्याला म्हणावं, मावशीच्या घरी वाजव हवा तेवढा.

आणि नाही आला, तर मला कळवू नकोस.

नाही, कळव. काहीही असलं तरी कळव.

पोटमाळ्याची शिडी अजून काढायला न धजलेली,
तुझी ताई,
सौसन