आठ कंद

मु. उंद्री, ता. चिखली
भाद्रपद शुद्ध ४, शके १८६०

सौ. कोकिळाताईस इंद्रभानचा दंडवत.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. मी खुशाल आहे. भाऊजींना नमस्कार सांग, आणि मलकापुरात पाऊसपाणी कसं आहे ते कळव.

उत्तराला उशीर झाला, कारण काम फार. इथल्या कुरणात मी वीस चौकटी आखल्या आहेत. चार खुंट्या ठोकायच्या, भोवती सुतळी बांधायची आणि आतलं गवत एकेक काडी मोजायचं. कुसळी किती, पवन्या किती, मारवेल किती. गुरं चरतात तिथं काय टिकतं आणि चरत नाहीत तिथं काय उगवतं, हा माझ्या एम. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. गावातले लोक मला गवत्या मास्तर म्हणतात. वकिली सोडून मी याच्या नादी लागलो तेव्हा भाऊजीही असंच काहीसं म्हणाले होते, आणि तू माझ्या बाजूनं त्यांच्याशी दोन महिने अबोला धरला होतास. ते मी विसरलेलो नाही.

माझं बिऱ्हाड निवृत्तीभाऊंच्या ओसरीवर आहे. त्यांची बायको गीताबाई मला दिरासारखं जेवू घालते. मध्यंतरी ती आजारी होती. आता बरी आहे.

बरी आहे असं लिहिलं, पण ते पुरतं खरं नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दोन दिवसांत डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. वैद्य म्हणाला पटकी. चिखलीहून माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला. अर्धी आळी शेतात राहायला गेली. त्या सोमवारी गीताबाईनं उपासाला बाजारातल्या फळवाल्या हबीबकडचे पेरू घेतले होते, म्हणून पाटलानं हबीबला गावबंदी केली. म्हातारा माणूस आहे. दोन बाजार झाले, भरली पाटी घेऊन येतो, वेशीबाहेर बसतो आणि तशीच परत नेतो.

पटकी नव्हती, ताई. मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

आदल्या रविवारी मी डोंगराच्या उतारावरून कळलावीचे वेल उपटून आणले होते. लाल-पिवळ्या फुलांची कळलावी, आपल्याकडे लेकरांना जिच्या जवळही जाऊ देत नाहीत ती. वेल आणि फुलं कागदात दाबली. आठ कंद वेगळे धुऊन टोपलीत घातले, एकेकाला चिठ्ठी बांधली आणि पाऊस लागू नये म्हणून टोपली आतल्या पडवीत ठेवली. चिठ्ठीवर नाव लिहिलं ते लॅटिन. गीताबाई मराठी चौथी शिकलेली आहे. एक शब्द मराठीत असता तर तिनं टोपलीला हात लावला नसता. वेल तिला चांगला माहीत आहे. पानाफुलांवाचून नुसता कंद कुणाला ओळखू येतो? तिला वाटलं, मास्तरनं रानातून उपासाचं काही आणलं. तिनं उकडून खाल्लं.

मराठी का लिहिलं नाही, ते तुलाच सांगतो. पहिल्या वर्षी माझ्या वहीत देशी नावं होती. आमचे पुण्याचे प्राध्यापक ती वर्गात मोठ्यानं वाचायचे, माझ्या ‘मले’, ‘तुले’ची नक्कल करायचे आणि पोरं हसायची. तेव्हापासून मी बोलणंही बदललं आणि चिठ्ठ्याही. इथं तर चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून हसणारंही कुणी नव्हतं, तरी लाज वाटली.

संध्याकाळी चुलीपाशी सालं दिसली. टोपलीत पाच उरले होते. वैद्य बाहेरच बसला होता. मी उठून सांगायला हवं होतं. मी काय केलं? पाचही कंद चिठ्ठ्यांसकट चुलीत घातले. ती मेली तर मला फासावर देतील, एवढंच डोक्यात होतं. तिच्या उशाशी पाणी घेऊन बसलो, तर निवृत्तीभाऊ म्हणाले, “सख्खा भाऊ बी येवढं करत नाई.”

ती वाचली. पण पाच दिवसांपासून तिचे केस गळतात. फणीला गुंतेच्या गुंते येतात, टाळू उघडी पडली आहे. या विषानं केस जातात आणि पुढं पुन्हा येतात, असं मी पुस्तकात वाचलं आहे. तिनं कुठं वाचलं आहे? ती पदर कपाळापर्यंत ओढून बसते. सवाशिणीचं डोकं असं झालं म्हणजे नवऱ्यावर काही तरी येणार, असं तिनं मनाशी धरलं आहे. निवृत्तीभाऊ शेतातून यायला जरा उशीर झाला की दारात उभी राहते.

आज सकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या दिवशी तिन्ही कंद खाल्ले का? म्हणाली, “नाई हो भाऊ. एकच खाल्ला, कडू लागला. दोन शेजारच्या शालूबाईले देल्ले. ते कडू कंद राखेत पुरून ठेवते, मंग त्याचं कडू जाते. उद्या पंचमीच्या भाजीत घालणार हाये.”

उद्या ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून रानातलं, परसातलं सगळं एका भांड्यात शिजतं, आणि आळीतल्या साऱ्या बाया शालूबाईकडंच जेवतात. राखेनं हे विष जात नाही. मी तासभर कागद पुढं घेऊन बसलो आहे. ‘कॉलेजचे नमुने आहेत, परत द्या’ एवढं म्हटलं तरी भागेल. कुणाला काही कळणार नाही.

जातो.

जाऊन आलो. शालूबाईनं राख झटकून दोन्ही कंद माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, “ने बापा, तुयेच होत.” काही विचारलंसुद्धा नाही. येताना वेशीबाहेर हबीब दिसला. त्यानं सलाम केला आणि एक पेरू पुढं केला. मला तो घेववेना.

घरी येऊन कंद गीताबाईपुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. चुलीत जाळलेले पाचही सांगितले. निवृत्तीभाऊ दारातच उभे होते. गीताबाईनं निवृत्तीभाऊंकडं बोट केलं. मग तिनं विचारलं, “म्हंजे यायच्या जिवाले काई नाई?” मी म्हटलं, नाही. “मंग केस येतीन?” मी म्हटलं, येतील. ती पदरात तोंड घालून रडली.

निवृत्तीभाऊ आत आले. कोपऱ्यातली काठी घेतली आणि निघाले. मी म्हटलं, हबीबचं आधी सांगा. तोवर ते अंगणाबाहेर पडले होते. पाटलाकडं गेले की आणखी कुठं, मला माहीत नाही.

चिखलीची मोटार अजून सुटलेली नाही. पायवाटेनं गेलो तर गाठता येईल. मी गेलो नाही. दोन्ही कंदांना नव्या चिठ्ठ्या बांधल्या, मोठ्या अक्षरांत: कळलावी, विष. ओसरीवर पुढ्यात ठेवून बसलो आहे. वेशीकडून माणसांचा आवाज येतो आहे.

कोकिळाताई, मले लई भेव वाटून राह्यलं.

तुयाच गवत्या,
इंद्रभान