परवाना पुलावर संपतो

प्रिय रूथॅन,

तुमच्या परवाना मंडळाचं पत्र काल मिळालं. ‘अर्ज विचाराधीन आहे.’ सातवा महिना हा, आणि खाली सही तुझी! एकाच बाकावर बसून आपण ऑक्युपेशनल थेरपी शिकलो. पक्षाघात झालेल्याला चमचा धरायला, बटण लावायला पुन्हा शिकवायचं, ह्याच परीक्षेत दोघी पास झालो. पण मधे ओहायो नदी आहे ना! अलीकडे मी चोवीस वर्षं हेच काम केलेली जाणती, पलीकडे तुमच्या राज्यात बिनपरवान्याची बाई.

अर्जात वेन्डल होर्वाथबद्दल लिहिलं होतं, वाचलंस तरी का? जन्मभर मालवाहू बोटींवर वेल्डिंग केलेला माणूस. उजवा हात लुळा पडला होता. माझ्याकडे चार महिन्यांत तो हात जेवणाचा काटा धरायला लागला. मग एकट्यानं राहणं जमेना, म्हणून लेक डॉटी त्याला पुलापलीकडे घेऊन गेली. गाडीनं आठ मिनिटं! ती शाळेची बस चालवते, त्याला इकडे आणणार कोण? व्हिडिओवर शिकवावं, तर पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना लागतो. तुमचा जवळचा थेरपिस्ट सत्तर मैलांवर.

मार्चमध्ये डॉटीचा फोन आला. “बाबा नीट जेवतच नाहीत. मी भरवलेलं त्यांना लाजिरवाणं वाटतं.” मागून तो ओरडला, “सांग तिला, माझा हात सरकारजमा झालाय!”

एकमेकांचे परवाने मानायचा राज्याराज्यांत करार आहे. आमच्या राज्यानं तो कधीच स्वीकारला. तुमच्याकडे तो विधिमंडळाच्या समितीत धूळ खातोय, आणि तुमचं मंडळ विरोधात. म्हणे, लोकांच्या सुरक्षिततेसाठी! कुठल्या लोकांच्या, रूथॅन?

त्या रविवारी मी पूल ओलांडला. नंतरही दर रविवारी, एकूण अकरा वेळा. डॉटीच्या स्वयंपाकघरात बसून त्याची आखडलेली बोटं एकेक करून उघडली. परवा त्यानं खिमा-राजम्याच्या चिलीचा वाडगा स्वतः संपवला. डॉटी टक लावून बघत होती, तर तिच्यावरच खेकसला, “बघतेस काय? तुझं निवतंय!”

हे पत्र मैत्रिणीला लिहिलंय, पण ते फायलीला लाव. अकराही तारखा सोबत जोडल्यात. परवान्याशिवाय काम केल्याबद्दल माझ्यावर कारवाई कर. माझा इथला परवानाही जाईल कदाचित, ठाऊक आहे मला. पण मग उघड सुनावणी घ्यावी लागेल, आणि मला तीच हवीय. वेन्डल साक्षीला येतोय. शपथ घेताना उजवा हात वर करावा लागतो ना? तो करणार आहे, तुमच्या सगळ्यांसमोर.

रागावलेली, तरीही तुझीच,
मार्लीस